बँकेचे नाव शेवटी ठरवा

वाचकाचे पत्र, थोडक्यात

नाशिकच्या इंदिरानगरमधून एका अभियंता भगिनींचे पत्र आले आहे. वय ३८, यंत्र अभियांत्रिकीची पदवी, अंबडच्या एका कारखान्याच्या टूल डिझाइन विभागात १४ वर्षे नोकरी. ती सोडून त्यांनी आता घरच्याच एका खोलीतून जिग, फिक्स्चर (सुटे भाग बनवताना ते पकडून ठेवणारी साधने) आणि एसपीएमच्या (एकाच ठरावीक कामासाठी बनवलेल्या यंत्रांच्या) डिझाइनची स्वतःची फर्म सुरू करायचे ठरवले आहे. पहिल्या वर्षी साधारण १८ लाखांचे काम होईल असा त्यांचा अंदाज आहे. अंबडची एक कंपनी ६० दिवसांनी पैसे देणार, चाकणची एक निम्मे पैसे आगाऊ देणार, आणि जुन्या सहकाऱ्याच्या ओळखीतून एका लहान जर्मन कंपनीचे महिन्याला ६०० युरोंचे ड्रॉइंगचे काम मिळाले आहे. वर्षभरात एक मैत्रीण भागीदार म्हणून येण्याची शक्यता आहे. हाताशी नऊ लाखांची पुंजी आहे.

राष्ट्रीयीकृत बँकेतून निवृत्त झालेले वडील म्हणतात, सरकारी बँकेशिवाय कुठेही जायचे नाही. सासरे एका नागरी सहकारी बँकेचे ३० वर्षांचे सभासद आहेत. ती ‘आपल्या माणसांची बँक’ आहे असे त्यांचे म्हणणे. एका खासगी बँकेचा अधिकारी ‘शून्य शिल्लक’ खात्याचा फॉर्म घेऊन तीनदा घरी येऊन गेला. आणि पती म्हणतात, पगाराचे बचत खाते आहेच, तेच वापर. पत्राचा शेवट असा आहे: ‘एकदा खाते उघडले की तेच सगळीकडे लागणार, त्यामुळे इथे चूक परवडणार नाही. कोणती बँक घ्यावी, एवढेच सांगा.’

उत्तर

तुम्ही एक नाव मागितले आहे आणि ते मी देणार नाही, हे आधीच सांगून टाकतो. चार जणांनी तुम्हाला चार नावे सुचवली आहेत आणि गंमत म्हणजे आपापल्या जागी चौघेही बरोबर आहेत. वडिलांनी आयुष्यभर लोकांच्या ठेवी सांभाळल्या, म्हणून त्यांना सुरक्षितता दिसते. सासऱ्यांना कधीतरी अडचणीच्या वेळी ओळखीवर कर्ज मिळाले असणार, म्हणून त्यांना माणसे दिसतात. त्या अधिकाऱ्याला महिन्याचे टार्गेट दिसते आणि तुमच्या पतींना कागदपत्रांचा ताप. मात्र तुमच्या फर्मचा पैसा वर्षभर कुठून येणार, कुठे जाणार आणि मध्ये किती दिवस नुसता पडून राहणार, हे चौघांपैकी कोणीही विचारलेले नाही. बँकेची निवड त्या उत्तरातून होते.

म्हणून पहिले काम असे करा. ड्रॉइंग काढणाऱ्या माणसाला हे सांगावे लागू नये, पण एक चौकटीचा कागद घ्या, बारा महिन्यांचे बारा रकाने पाडा आणि प्रत्येक येणी-देणी तारखेसह मांडा. तुमच्या पत्रातल्या आकड्यांवरून मी ते करून पाहिले. अंबडचे पैसे दोन महिने मागे चालतात, चाकणचे पुढे येतात, युरो दर महिन्याला थोडे थोडे येतात. देण्याच्या बाजूला कॅड सॉफ्टवेअरचे वर्षाचे एकरकमी शुल्क, पुढे ड्राफ्ट्समन ठेवलात तर त्याचा पगार, जीएसटी लागू झाल्यावर दर महिन्याची २० तारीख, आणि कधी करकपात करावी लागली तर ती भरण्याची ७ तारीख. रोख रक्कम कुठेच नाही, चेकही महिन्याला फार तर दोन. म्हणजे बँकेच्या माहितीपत्रकातल्या मोफत रोख भरणा, स्वाइप मशीन, काउंटरवरचा क्यूआर कोड या गोष्टी मेन रोडवरच्या कापड दुकानदाराच्या कामाच्या आहेत. तुम्हाला त्यांचा उपयोग नाही, आणि त्या ‘मोफत’ मिळाल्या म्हणून तुमचे काही वाचतही नाही.

पतींचा सल्ला आधी बाजूला ठेवू, कारण तो सर्वांत सोपा वाटतो. पगार थांबला की त्या खात्याच्या पगारी सवलती जातात आणि ते साधे बचत खाते होते. बचत खात्यावर धंद्याचे व्यवहार करू नयेत असे बहुतेक बँकांच्या अटींत लिहिलेले असते. शिवाय फर्मच्या नावाने आलेला चेक तुमच्या वैयक्तिक नावाच्या खात्यात भरता येत नाही. यावर कोणी म्हणेल की, अभियांत्रिकी व्यवसायाला आयकरात अनुमानित उत्पन्नाची सोय आहे, रोखीची जमा पाच टक्क्यांच्या आत असेल तर ७५ लाखांच्या जमेपर्यंत निम्मी रक्कम उत्पन्न धरून कर भरता येतो, वह्या ठेवाव्या लागत नाहीत. मग वेगळे खाते हवेच कशाला? मला हा युक्तिवाद उलटा दिसतो. वह्या ठेवणार नसाल तर खातेउतारा हीच तुमची एकमेव वही आहे. त्या वहीत किराणा, शाळेची फी आणि युरो एकाखाली एक आले, की दोन वर्षांनी कर्ज मागायला जाल तेव्हा समोरचा अधिकारी तो उतारा वाचणारच नाही.

चालू खाते फर्मच्या नावाने असायला हवे याचे आणखी एक कारण मी पदरचे पैसे मोजून शिकलो आहे. सातपूरला भाड्याच्या गाळ्यात काम सुरू केले तेव्हा मला बँकेने खाते उघडताच हातोहात चेकबुक दिले आणि मला फार कौतुक वाटले. त्या चेकवर खाते क्रमांक होता, पण नाव छापलेले नव्हते. पहिल्या मोठ्या गिऱ्हाइकाच्या खरेदी विभागाने व्हेंडर कोड (पुरवठादार म्हणून नोंदीचा क्रमांक) काढण्यासाठी नाव छापलेला कॅन्सल चेक मागितला. नाव नसेल तर बँकेचे पत्र आणा म्हणाले. पत्र नेले, तर शिक्क्याखाली अधिकाऱ्याचा कर्मचारी क्रमांक नाही म्हणून परत आले. तो घालून दुसरे पत्र नेले, तेव्हा कोणाच्या तरी लक्षात आले की खात्यावर फर्मचे नाव आखूड करून ‘इंजि.’ असे घातले आहे आणि बिलावर मात्र ‘इंजिनीअरिंग’ असे पूर्ण आहे. तयार फिक्स्चर तीन आठवडे ताडपत्रीखाली पडून राहिले. चूक कोणाची फार मोठी नव्हती, पण व्हेंडर कोडशिवाय बिल पुढे सरकत नाही आणि बिल सरकल्याशिवाय ६० दिवसांची मोजणीही सुरू होत नाही. तेव्हा शॉप ॲक्टची पावती, उद्यम नोंदणी (लहान उद्योगांची सरकारी नोंदणी), बँक खाते, जीएसटी आणि बिलाचा मथळा या पाचही ठिकाणी फर्मचे नाव अक्षरशः एकसारखे ठेवा. टिंब आणि मोकळ्या जागेसकट.

आता वडिलांचा मुद्दा. सुरक्षिततेची त्यांची काळजी रास्त आहे, पण ‘सरकारी म्हणजे सुरक्षित, बाकी सारे धोक्याचे’ ही विभागणी पुरेशी नाही. सप्टेंबर २०१९ मध्ये पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेवर रिझर्व्ह बँकेने निर्बंध घातले, तेव्हा सुरुवातीला खातेदारांना फक्त एक हजार रुपये काढता येत होते. मार्च २०२० मध्ये येस बँकेच्या खातेदारांना काही दिवस ५० हजारांची मर्यादा आली. ती तर मोठी खासगी बँक होती. अशा वेळी ठेव बुडते की नाही हा प्रश्न नंतरचा असतो. पगाराच्या तारखेला पैसा हलत नाही, हा तुमच्यासारख्या फर्मचा खरा प्रश्न असतो.

ठेव विम्याचे गणित मात्र नीट समजून घ्या, कारण इथे जाणती माणसेही फसतात. फेब्रुवारी २०२० पासून प्रत्येक ठेवीदाराला प्रत्येक बँकेत पाच लाखांपर्यंत विमा आहे आणि तो सरकारी, खासगी, लघुवित्त आणि विमा असलेल्या सहकारी बँकांना सारखाच आहे. पण तुमची फर्म एकल मालकीची असेल, तर फर्मचे चालू खाते आणि त्याच बँकेतले तुमचे वैयक्तिक बचत खाते किंवा मुदत ठेव मिळून एकच पाच लाख धरले जातात. कायद्याच्या नजरेत फर्म आणि तुम्ही एकच. म्हणून नऊ लाखांची पुंजी आणि फर्मचा पैसा सोयीसाठी एकाच छपराखाली आणू नका. सासऱ्यांच्या बाबतीतही एक खात्री करून घ्या: ती नागरी सहकारी बँकच आहे ना, की पतसंस्था? बोलताना आपण दोन्हींना सर्रास बँक म्हणतो, पण पतसंस्थेतल्या ठेवींना हा विमा लागू नाही.

‘शून्य शिल्लक’ या शब्दावर मी फार वेळ घालवणार नाही. शून्य शिल्लक किती महिन्यांसाठी आहे, त्यानंतर खाते कोणत्या प्रकारात बदलते, आणि वर्षाच्या आत बंद केल्यास शुल्क किती, हे तीन प्रश्न त्या अधिकाऱ्याला विचारा आणि उत्तर ईमेलवर मागा. तो बहुधा चौथ्यांदा येईल तेव्हा विम्याची पॉलिसी घेऊन येईल.

किमान सरासरी शिल्लक हा मात्र लोकांना उगाच वाटतो तेवढा मोठा बागुलबुवा नाही. ही सरासरी रोजच्या अखेरच्या शिलकेवर काढतात. समजा, महिन्याची सरासरी २५ हजार हवी आहे. तुमच्या खात्यात अंबडचे अडीच लाख आले आणि फक्त तीन दिवस राहिले, तर तीस दिवसांच्या महिन्याची अट तेवढ्यानेच पूर्ण होते, कारण अडीच लाख गुणिले तीन भागिले तीस बरोबर २५ हजार. म्हणून मासिक सरासरी की तिमाही सरासरी, हे विचारा; तुमचा पैसा झुपक्या-झुपक्याने येतो, त्यामुळे तिमाही हिशेब तुम्हाला सोयीचा पडेल. चालू खात्यावर व्याज मिळत नाही, तेव्हा गरजेपेक्षा जास्त रक्कम तिथे झोपवून ठेवू नये. एकल मालक म्हणून स्वतःचा वाटा तुम्ही वैयक्तिक खात्यात केव्हाही वळवू शकता. मात्र गिऱ्हाइकाकडून घेतलेला १८ टक्के जीएसटी तुमचा नाही. तो आला त्याच दिवशी बाजूला काढायची सवय लावून घ्या. आमच्या सातपूरमध्ये बुडालेले पुष्कळ गाळे काम नसल्यामुळे बुडाले नाहीत, सरकारचे पैसे आपले समजून खर्चल्यामुळे बुडाले.

तुमच्या कागदावर मला सर्वांत महत्त्वाची ओळ दिसली ती ६०० युरोंची, आणि तुमच्या पत्रात तिला सर्वांत कमी जागा आहे. बँक बाहेरून आलेले युरो बाजारभावाने रुपयांत बदलत नाही. ती स्वतःचा दर लावते. या दरात एका युरोमागे दोन रुपयांचा जरी फरक असला, तरी वर्षाच्या ७,२०० युरोंवर १४,४०० रुपये जातात. किमान शिलकेचा दंड खातेउताऱ्यावर ठळक दिसतो म्हणून आपण त्यावर भांडतो, आणि हा फरक दिसत नाही म्हणून गप्प बसतो. त्याखेरीज प्रत्येक वेळी येणाऱ्या रकमेवर आपल्या बँकेचे ठरावीक शुल्क, त्यावर जीएसटी, आणि पैसा ज्या मधल्या बँकेतून येतो तिची कपात. ६०० पाठवले आणि ५८० पोचले, असे होऊ शकते. यावर दोन उपाय आहेत. पाठवणाऱ्या कंपनीशी करारातच ठरवा की मधले सर्व शुल्क तिने सोसावे. आणि शक्य असेल तर दर महिन्याऐवजी दोन-तीन महिन्यांचे बिल एकत्र करा, म्हणजे ठरावीक शुल्काचे हप्ते कमी होतील. आलेले युरो लगेच बदलायचे नसतील तर निर्यातदारांसाठी विदेशी चलनाचे ईईएफसी खाते असते, पण त्यावर व्याज नसते आणि एका महिन्यात जमा झालेली रक्कम पुढच्या महिन्याच्या अखेरपर्यंत वापरावी किंवा रुपयांत बदलावी लागते. तुमच्या रकमेला सध्या त्याची गरज नाही.

दर विचारण्याइतकाच शाखेत हे काम कोणाला येते हा प्रश्नही महत्त्वाचा आहे. नाशिकला द्राक्षांमुळे परकीय चलनाचे व्यवहार काही नवे नाहीत. पिंपळगाव बसवंतच्या बाजूच्या निर्यातदारांचे कागद हाताळून तयार झालेले अधिकारी इथे भेटतात. पण त्यांच्या डोळ्यांसमोर कंटेनर असतो. माझ्या परिचयातल्या एका डिझायनरला काउंटरवर विचारले गेले, ‘तुमचे शिपिंग बिल कुठे आहे?’ त्याने ड्रॉइंग ईमेलने पाठवले होते. सेवेच्या निर्यातीत शिपिंग बिल नसते. परकीय व्यापार धोरणातले लाभ घ्यायचे नसतील तर आयात-निर्यात कोडही सक्तीचा नाही. लागतो तो करार किंवा कामाचा आदेश, बिल, आणि पैसे कशासाठी आले हे सांगणारा योग्य पर्पज कोड. पैसे जमा झाल्यावर बँकेकडून ते परदेशातून आल्याचा दाखला प्रत्येक वेळी घ्यायचा. जीएसटीत ही सेवा निर्यात असल्याचे सिद्ध करताना तोच कामी येतो आणि दोन वर्षांनी मागायला गेलात तर तो काढताना शाखेची आणि तुमची दोघांची दमछाक होते. म्हणून खाते उघडण्याआधी शाखेत सरळ विचारा: सेवेच्या बदल्यात बाहेरून आलेले पैसे तुम्ही इथे हाताळता की कागद मुंबईला पाठवता, आणि हा दाखला ऑनलाइन मिळतो का?

दुसरा जड मुद्दा उधारीचा. आज तुम्हाला कर्ज नको आहे, हे खरे. पण ६० दिवसांची येणी आणि ३० दिवसांची देणी यांच्यामध्ये फर्म वाढली की खड्डा पडतोच. एसपीएम नुसती डिझाइन न करता एखादी बनवूनही द्यायची झाली, तर माल आणि जॉबवर्कसाठी पैसा आधी ओतावा लागेल. ओझरच्या एचएएलसारख्या सार्वजनिक उपक्रमाच्या निविदेत उतरलात तर कामाच्या हमीपोटी बँक गॅरंटी मागितली जाऊ शकते. ओव्हरड्राफ्ट, कॅश क्रेडिट (दोन्ही ठरलेल्या मर्यादेपर्यंत हवे तेव्हा उचलायचे कर्ज) किंवा गॅरंटी यांपैकी काहीही मागायला जाल तेव्हा बँक पहिल्यांदा तुमचा खातेउतारा उघडते. आणि मर्यादा मंजूर केली की सगळी उलाढाल आपल्याच खात्यातून व्हावी अशी तिची अपेक्षा असते. म्हणून ज्या बँकेकडे उद्या कर्ज मागाल असे वाटते, तिथेच आजचे पहिले खाते असावे, हा माझा सरळ सल्ला आहे.

इथे सासऱ्यांच्या म्हणण्यात वजन आहे. शहरातच मुख्य कार्यालय असलेल्या चांगल्या सहकारी बँकेत निर्णय घेणारा माणूस भेटतो. मोठ्या बँकेत तुमची फाइल कधी विभागीय कार्यालयात, तर कधी संगणकाने दिलेल्या गुणांत अडकते. उलट, परकीय चलनाची थेट सोय सहकारी बँकेत असेलच असे नाही, आणि कर भरण्याच्या अधिकृत बँकांच्या यादीत ती नसेल तर जीएसटीचे चलन एनईएफटीने भरावे लागते. ते अशक्य नाही, पण २० तारखेच्या संध्याकाळी नकोसे वाटते. सरकारी बँकेचा गुण असा की, सूक्ष्म आणि लघु उद्योगांना ठरावीक रकमेपर्यंत तारण न मागण्याचा रिझर्व्ह बँकेचा नियम आणि त्यापुढची सरकारी पतहमी योजना (तारणाऐवजी बँकेला हमी देणारी) तिथल्या अधिकाऱ्यांच्या अंगवळणी पडलेली असते. त्यासाठी उद्यम नोंदणी हवी. ती सरकारी संकेतस्थळावर फुकट होते. कोणाला पैसे देऊ नका. नोंदणी झाली की बिलावर तो क्रमांक छापा. कायद्याने सूक्ष्म आणि लघु उद्योगाचे पैसे, लेखी करार असला तरी ४५ दिवसांत द्यावे लागतात, आणि ते मुदतीत न दिल्यास गिऱ्हाइकाला तो खर्च प्रत्यक्ष पैसे देईपर्यंत आयकरात वजा मिळत नाही. अंबडच्या कंपनीशी पहिल्याच बिलाला कायदा काढून बसू नका, पण तिच्या लेखा विभागाला हा नियम ठाऊक असतो आणि मार्च जवळ आला की नुसत्या त्या क्रमांकाचाही उपयोग होतो.

तुमच्या पत्रातले सर्वांत मोठे गृहीतक शेवटच्या ओळीत आहे: एकदा निवडले की बदलता येणार नाही. बदलता येते. गिऱ्हाइकांच्या नोंदी, जीएसटी, उद्यम आणि आयकर परताव्याचे खाते, एवढ्या ठिकाणी नवा तपशील द्यावा लागतो आणि दोन-तीन महिने दोन्ही खाती चालू ठेवावी लागतात. आणि तुम्ही बदलले नाही तरी बँक बदलते. देना बँकेच्या खातेदारांनी काहीही केले नव्हते. १ एप्रिल २०१९ रोजी त्यांची बँक बडोदा बँकेत विलीन झाली आणि पुढे त्यांना बिलांवरचे आयएफएससी बदलावे लागले. वर्षभराने आंध्रा, कॉर्पोरेशन, सिंडिकेट वगैरेंच्या खातेदारांवर तीच वेळ आली. तेव्हा जन्माची गाठ समजून घाबरू नका.

मैत्रिणीच्या बाबतीत मात्र घाई न केलेली बरी, कारण तिथला बदल खरोखर महाग आहे. एकल मालकीचे खाते भागीदारीचे होत नाही. भागीदारी संस्थेचा पॅन वेगळा, जीएसटी वेगळा, उद्यम नोंदणी वेगळी आणि खातेही नवे; म्हणजे व्हेंडर कोडाची ती सगळी वारी पुन्हा. मैत्रीण सहा महिन्यांत नक्की येणार असेल, तर तिच्याशी आणि सीएशी आताच बसून भागीदारी किंवा एलएलपी (मर्यादित जबाबदारीची भागीदारी) करूनच सुरुवात करा. नक्की नसेल तर एकटीने सुरू करा, आणि तिच्यासाठी म्हणून आज काही अडवून ठेवू नका. पुढे दोघी झालात तर इंटरनेट बँकिंगमध्ये एकीने व्यवहार भरायचा आणि दुसरीने मंजूर करायचा अशी व्यवस्था पहिल्या दिवसापासून मागा. मैत्री टिकवायला ती करारापेक्षा जास्त उपयोगी पडते.

तर आजच्या माहितीवर मी तुमच्या जागी असतो तर काय केले असते? फर्मचे मुख्य चालू खाते परकीय चलन नीट हाताळणाऱ्या एखाद्या मोठ्या बँकेत, सरकारी वा खासगी, पण अंबड किंवा सातपूरच्या औद्योगिक वसाहतीतल्या शाखेत उघडले असते. कॉलेज रोडच्या शाखेला गृहकर्ज आणि पगाराची खाती कळतात. वसाहतीतल्या शाखेला व्हेंडरचा फॉर्म, गॅरंटीचा मसुदा आणि ‘आजच शिक्का हवा’ याचा अर्थ कळतो. वैयक्तिक पुंजी दुसऱ्या बँकेत ठेवली असती. सासऱ्यांच्या बँकेत, तिचा ताळेबंद पाहून, लहानसे दुसरे खाते सहा महिन्यांनी उघडले असते, म्हणजे एक बँक अडली तर पगार अडत नाही. मोबाइल ॲपवर मिनिटांत खाते देणाऱ्या नव्या कंपन्यांच्या बाबतीत एवढे पाहा की पैसा प्रत्यक्षात कोणत्या परवानाधारक बँकेत राहतो. पेमेंट्स बँक तुमच्यासाठी नाही. तिथे दिवसअखेर दोन लाखांहून जास्त ठेवता येत नाही.

शाखा निवडताना फोनवर विसंबू नका. महिन्याच्या पहिल्या आठवड्यात, सोमवारी साडेअकराला जा आणि पाऊण तास बसून या. चालू खात्यांसाठी वेगळा माणूस आहे का, तो जागेवर नसेल तर त्याचे काम कोण करतो, आणि समोरच्या माणसाला ‘उद्या या’ किती वेळा ऐकावे लागते, हे सारे तिथे दिसते. कागदपत्रांत एक अडचण येऊ शकते, ती आधीच सांगतो. मोजकेच कामगार असलेल्या आस्थापनेला महाराष्ट्राच्या २०१७ च्या कायद्यानुसार शॉप ॲक्टचे परवाना-प्रमाणपत्र मिळत नाही, ऑनलाइन सूचना दिल्याची पावती मिळते. ‘गुमास्ता लायसन्स आणा’ असे कोणी म्हणाले तर ती पावती शांतपणे पुढे करा, सोबत उद्यम प्रमाणपत्र द्या. घराचे वीजबिल पतींच्या नावाने असेल तर त्यांचे ना-हरकत पत्रही बरोबर ठेवा. जीएसटी घेतल्यावर खात्याचा तपशील ३० दिवसांत, किंवा त्याआधी पहिले विक्री विवरणपत्र भरत असाल तर त्यापूर्वी, द्यावा लागतो. १८ लाखांचा अंदाज २० लाखांच्या उंबरठ्याला इतका जवळ आहे की सीएशी हे आताच बोलून घ्या.

फॉर्म भरताना वारसनोंद सोडू नका, एकल मालकीच्या खात्याला ती करता येते. तुम्ही प्रवासात किंवा आजारी असताना ड्राफ्ट्समनचा पगार कोण देणार, याचे अधिकारपत्रही तेव्हाच करून ठेवा. जर्मन कंपनीला लेखी कळवा की खात्याचा तपशील बदलल्याचा ईमेल आला तर तुम्हाला फोन केल्याशिवाय पैसे पाठवायचे नाहीत; मधल्यामध्ये ईमेल पळवून भलतेच खाते देण्याचे प्रकार होतात. बँकेकडे केलेल्या लेखी तक्रारीचे ३० दिवसांत समाधान झाले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन आणि विनाशुल्क जाता येते, हेही माहीत असू द्या.

आणि वडिलांना बरोबर न्या. कोणती बँक हे ठरवायला नको, सेवाशुल्काचे पत्रक वाचायला. तळटिपेत काय दडवतात हे बँकेतून निवृत्त झालेल्या माणसाइतके कोणालाच कळत नाही. चेकबुक हातात पडले की मात्र ते तुम्ही स्वतः काउंटरवरच उघडा, फर्मचे नाव पूर्ण छापले आहे का ते पाहा, आणि नसेल तर घेऊन घरी येऊ नका.